बहुमताने निरोगी

डॉ. अपोलिनारी कोबेलोला क्षयरोग आहे की नाही यावर मोरोगोरोच्या संशोधन केंद्रात रीतसर मतदान झालं आणि तो भरघोस मतांनी निरोगी ठरला. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांच्या गडबडीत तो खोकला, ते कुणाला ऐकू आलं नाही. ज्याला ऐकू आलं असावं त्या उंदराला मताचा हक्क नव्हता.

शिकल्या-सवरलेल्या माणसांची ही थेरं. पण प्रकरण इथवर आलं कसं, ते सांगायला हवं.

कोबेलोचं सगळं आयुष्य एका एन्झाइमच्या मागे गेलं होतं. क्षयाचा जंतू अंगावर मेणाचा जाड कोट घालून हिंडतो. औषध त्यातून आत शिरत नाही, शरीराच्या पहारेकऱ्यांना तो पचत नाही. या मेणाचे धागे लांबलचक असतात, आणि जंतूच्या पोटातलं एक एन्झाइम त्या धाग्यात नेमक्या जागी एक बारकी तीनकोनी कडी बसवून देतं. कडी बसली की धागा वळतो, कोट अंगासरशी बसतो, आणि जंतू एकमेकांना बिलगून दोरखंडासारखे वाढत जातात. एवढीशी ती कडी, पण सगळी मुजोरी तिच्यावर उभी.

त्याची बायको स्कोला बाजारामागे वेण्या घालायचं दुकान चालवायची. तिला त्यानं एकदा समजावून सांगितलं होतं, "ते एन्झाइम म्हणजे तू. तू पीळ देतेस म्हणून वेणी टिकते. मी तुलाच दुकानातून पळवून नेलं, तर गिऱ्हाइकाचे केस मोकळेच राहणार की नाही?"

"मला पळवून नेणार?" स्कोला कंगवा न थांबवता म्हणाली. "कालच दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आलास आणि टेकलास. आधी स्वतःला तरी ने घरापर्यंत."

खुर्चीतलं गिऱ्हाईक खदखदून हसलं. कोबेलोही हसला, मग खोकला, आणि बाजारातल्या धुळीला त्यानं दोन शिव्या हासडल्या.

तर हे एन्झाइम त्यानं खरोखरच पळवलं होतं. त्याच्या प्रयोगशाळेत कुलपाआड एक असा जंतू वाढत होता, ज्याच्याकडे ती कडी बसवणारं कुणी नव्हतं. आता कोट खरंच बदलला का, हे दाखवायचं राहिलं होतं. ज्या यंत्रात ते दिसलं असतं ते बिघडलं होतं आणि त्याचा सुटा भाग दार-एस-सलामच्या बंदरात अडकून पडला होता. म्हणून कोबेलोनं उंदराला साक्षीला काढायचं ठरवलं.

केंद्रात मांजराएवढाले उंदीर होते. गालांत पिशव्या, डोळे अधू, नाक मात्र असं की काय सांगावं. दवाखान्यांतून आलेल्या रुग्णांच्या थुंकीच्या बश्या आधी उकळून जंतू मारून टाकायचे, मग त्या एका लांब काचेच्या पेटीखाली ओळीनं लावायच्या. पेटीच्या तळाला भोकं. उंदीर प्रत्येक भोकाला नाक लावत जायचा आणि क्षय असेल तिथे थांबून तळ खरवडायचा. मग त्याला पिचकारीतून केळ्याचा लगदा मिळायचा. कोबेलोचं म्हणणं असं की उंदराला जो वास येतो तो त्या मेणाच्या कोटाचाच. कडी नसलेला जंतू पुढे केला आणि उंदीर न थांबता निघून गेला, म्हणजे कोट बदललाच.

उंदरांमध्ये सर्वांत ज्येष्ठ होता हाकीमू. हाकीमू म्हणजे न्यायाधीश, आणि तो होताही तसाच. पोट सुटलेलं, चेहरा आंबट, आणि एकदा दिलेला निकाल न फिरवणारा. उंदीर विभागाचा प्रमुख डॉ. लुफुंगा हा गुरांचा डॉक्टर होता. तो टबोराकडच्या न्यामवेझी जमातीचा, आणि कोबेलो इथला, डोंगरावरचा लुगुरू.

इथेच खरी गोम आहे. लुगुरू आणि न्यामवेझी यांच्यात आजे-पणजांपासून थट्टेची सोयरीक. थट्टेच्या सोयऱ्यानं काहीही बोलावं, तुमच्या मयताला येऊन तिरडीसमोर लोळावं, लग्नात नवरदेवाचे जोडे घालून मिरवावं, दारात आडवं पडून कोंबडं मागावं. त्याच्यावर रागवायचं नाही, हा नियम. आणि त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा न सांगितलेला नियम. कोबेलो आणि लुफुंगा इतकी वर्षं एका आवारात होते, पण सरळ वाक्य ते एकमेकांशी कधी बोलले असतील तर शपथ.

"काय रे हमाला," कोबेलो सकाळी म्हणायचा, "तुझ्या आज्यानं डोक्यावर हस्तिदंत वाहून वाहून मेंदूचा पार मक्याच्या पिठाचा उगाली केला, तो आता घट्ट झाला का?"

"झाला की. तुमच्याकडे मात्र शिजवायला सपाट जागाच नाही. तुमच्या डोंगरावर म्हणे कोंबडीला दोरी बांधून ठेवतात. सुटली की थेट खालच्या गावात कालवणात पडते."

असं रोज चालायचं. म्हणूनच गेल्या पंधरवड्यात लुफुंगा म्हणू लागला की, "लुगुऱ्या, आमचा हाकीमू तुझ्या बशीवर रेंगाळतो हं, जरा जपून," तेव्हा कोबेलोनं उत्तर दिलं, "त्यालाही चांगल्या घरच्या माणसाची ओळख पटते."

'तुझी बशी' म्हणजे काय, तर उंदराची परीक्षा घ्यायला मधेमधे निर्धोक थुंकीच्याही बश्या लागतात, आणि ती थुंकी केंद्रातलीच माणसं देत. कोबेलो तर वर्षानुवर्षं देत आला होता. त्याला त्याचा अभिमानच होता म्हणा ना. केंद्रातली सर्वांत स्वच्छ थुंकी आपली, असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुणेही माना डोलवायचे. थुंकीचा अभिमान धरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्याच दिवसांत घरी आनंद होता. लेक डाफ्रोझा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला मुलगी झाली होती. ठरलेले दिवस भरले की बाळाला पहिल्यांदा उन्हात आणायचं, सगळ्यांना दाखवायचं. लुगुरूंमध्ये मूल आईच्या कुळाचं, त्यामुळे आजोबा म्हणजे मांडवातला पाहुणा. पण कोबेलोनं स्कोलाच्या भावांपुढे हट्ट धरला, रुसून बसला, दोनदा जेवला नाही, आणि शेवटी मान मिळवला की त्या रविवारी बाळाला दाराबाहेर तोच आणणार. तोवर बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव होता. त्यानं नातीचा आवाज ऐकला होता, चेहरा अजून पाहिला नव्हता. रोज संध्याकाळी तो भिंतीला कान लावून उभा राहायचा, आणि खोकला आला की अंगणात पळायचा.

उंदराची साक्ष नेमकी त्याच आठवड्यात ठेवली होती.

कामाचा निकाल द्यायला केंद्राची समिती आली. अध्यक्षा प्रोफेसर अनासिया पुढे बसल्या. लुफुंगानं हाकीमूला पेटीत सोडलं. तो आपल्या चालीनं निघाला. पहिली बशी, काही नाही. दुसरीवर रुग्णाची थुंकी होती. थांबला, खरवडलं, केळं खाल्लं. तिसऱ्या बशीत कोबेलोचा कडी नसलेला जंतू होता, उकळून मेलेला. हाकीमूनं नाक लावलं, मिशा हलवल्या, आणि जसं काही खाली साधं पाणी ठेवलंय अशा थाटात तो पुढे गेला.

कोबेलोच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांचं काम एका उंदरानं नाक मुरडून खरं ठरवलं होतं. "पाहिलंत?" तो ओरडला. "पाहिलंत प्रोफेसरबाई? ओळखलंच नाही त्यानं!"

आणि हाकीमू शेवटून दुसऱ्या बशीवर थांबला. खरवडू लागला. केळ्यासाठी तोंड वर केलं.

लुफुंगानं पिचकारी उचलली नाही. ती बशी कोबेलोची होती. निर्धोक बशीवर थांबलं तर केळं नाही, हा नियम. हाकीमूनं पुन्हा खरवडलं. मग तो त्या भोकावर बैठक मारून बसला आणि उठेचना. हातानं उचलून काढावं लागलं, तेव्हा तो लुफुंगाच्या बोटाला चावला.

शेवटी प्रोफेसर अनासियांनी चष्मा काढला. "डॉक्टर कोबेलो, जरा घोळ झालाय. उंदीर खरा मानला तर तुमचं एन्झाइमचं काम खरं, पण मग तुम्हाला क्षय आहे. उंदीर खोटा मानला तर तुम्ही ठणठणीत, पण मग कामाला आधार राहत नाही. तुम्हाला काय हवंय?"

"दोन्ही," कोबेलो म्हणाला.

"दोन्ही कसं मिळेल?"

"उंदीर तिसऱ्या बशीपर्यंत खरा होता. त्यानंतर तो दमला."

हे सगळ्यांना एकदम पटलं. हाकीमूचं वय झालंय, पोट सुटलंय, ऊनही फार आहे, असे मुद्दे निघाले. हिशेब खात्याचा एक भोळा माणूस म्हणाला, "मग सरळ डॉक्टरांची थुंकी तपासली तर?" त्याला समजावण्यात आलं की तपासणी फक्त नोंदलेल्या रुग्णाची होते, रुग्णाची नोंद त्यानं तक्रार केली तरच होते, आणि त्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुखाची परवानगी लागते. प्रमुख होता कोबेलो. "प्रमुख म्हणून मला या रुग्णाबद्दल काहीही संशय नाही," कोबेलो उभा राहून म्हणाला, "आणि रुग्ण म्हणून माझी काही तक्रार नाही." एवढं सुसंगत उत्तर त्या खोलीत पूर्वी कुणी दिलं नव्हतं. म्हणून ठराव मांडला गेला की हाकीमू तिसऱ्या बशीवर बरोबर आणि नंतर चूक होता, आणि डॉ. कोबेलो निरोगी आहेत. हात वर झाले.

विरोधात एकच हात होता, लुफुंगाचा. सगळे हसले. न्यामवेझी लुगुरूच्या विरोधातच जाणार, त्यात नवल ते काय.

कोबेलोला कळत नव्हतं असं नाही. हाच माणूस परिचारिकांना भिंतीवरचा तक्ता दाखवून शिकवायचा की तान्ह्या बाळाला हा रोग सर्वांत वाईट गाठतो, फुप्फुसातून मेंदूपर्यंत जातो, आणि घरातल्याच मायेच्या माणसाच्या श्वासातून येतो. तक्ता पाठ होता. पण तक्ता खरा मानला की रविवार हातचा जात होता. आपण मांडीवर न घेतलेली ती मुलगी, भिंतीपलीकडून येणारा तो बारीक आवाज, या सगळ्यापुढे त्याची विद्या पार लंगडी पडली. मतदानानं त्याला मोकळं केलं होतं, आणि त्याला मोकळंच व्हायचं होतं. माणूस घाबरला की ठरावाच्या आडसुद्धा लपतो.

बाहेर ओसरीवर लुफुंगानं त्याला गाठलं. "कोबेलो, ऐक. थट्टा नाही."

"हेच तू ईस्टरला म्हणालास आणि माझ्या गाडीत डुक्कर निघालं."

"या वेळी डुक्कर नाही."

"मग शेळी असेल."

"अरे माणसा, पंधरवडा झाला, हाकीमू रोज तुझ्या बशीवर थांबतोय. मलाही वाटलं म्हातारा बिघडला. पण बाकीच्या बश्यांवर तो एकदासुद्धा चुकत नाही. एकदा तपासून घे. मी चूक निघालो तर गावभर माझी धिंड काढ."

कोबेलोनं लुफुंगाच्या पाठीवर थाप मारली. "वा! यंदा नाटक चांगलं बसवलंयस. आवाजसुद्धा कापतोय. रविवारी ये घरी, कोंबडं राखून ठेवतो."

लुफुंगा तिथेच उभा राहिला. जन्मभर थट्टा केली, आता गरजेच्या वेळी खरं बोलायला तोंडच उरलं नव्हतं.

रविवारी कोबेलोचं अंगण भरलं. पिलाव शिजत होता, फणसाच्या झाडाखाली सोड्याच्या बाटल्या बर्फात होत्या, स्कोलानं बाजारातल्या अर्ध्या बायकांच्या वेण्या घालून दिल्या होत्या. कोबेलोनं ठेवणीतला सदरा घातला. आतून डाफ्रोझानं हाक मारली, "बाबा, या आता, ती जागी झाली!" तो दाराकडे निघाला.

दारात लुफुंगा आडवा पडला होता.

अंगणात आरोळी उठली. थट्टेचा सोयरा आला! बायकांनी तोंडानं लांब सूर काढला. आता हा काय मागतो ते पाहायला सगळे भोवती जमले. स्कोलाच्या भावानं पाय बांधलेलं कोंबडं त्याच्या छातीवर ठेवलं. रीतीप्रमाणे एवढ्यावर सोयरा उठतो. लुफुंगा उठला नाही.

"लोभी आहे," कुणीतरी म्हणालं. सोडा आला, पिलावाचं ताट आलं. लुफुंगा हलला नाही. कोंबडं त्याच्या छातीवरून उतरून बाजूला बसलं.

"ऊठ रे हमाला," कोबेलो हसत म्हणाला. "पाठीवर ओझं नसलं की तुम्हा लोकांना झोप येते हे माहीत आहे मला."

लोक हसले आणि उत्तराची वाट पाहू लागले. उत्तर आलं नाही.

"तुझा आजा टबोराहून किनाऱ्यापर्यंत चालत गेला आणि रस्ता विसरून तिथेच राहिला. तू निदान माझ्या दारातून तरी बाजूला हो!"

लुफुंगा खालून त्याच्याकडे पाहत होता. त्यानं डोंगरावरच्या कोंबड्यांचं काही काढलं नाही. कोबेलोनं आणखी एक टोमणा हाणला, त्यावर फार कुणी हसलं नाही. मग आणखी एक, तो त्याच्याच कानाला पोकळ लागला. न्यामवेझ्यानं लुगुरूची शिवी परत केली नाही, असं या अंगणात कुणी कधी पाहिलं नव्हतं. लुफुंगाच्या डोळ्यांतलं पाणी कानशिलावरून ओघळून उंबऱ्यावर पडत होतं.

तेव्हा कोबेलोला कळलं. ना उंदरानं कळलं होतं, ना खोकल्यानं, ना स्वतः पाठ केलेल्या तक्त्यानं.

तो दोन पावलं मागे सरला. मग आणखी मागे, थेट फणसाच्या झाडापर्यंत. "स्कोला," तो म्हणाला, "तू आण तिला बाहेर. माझ्याकडे आणू नका. तिथूनच दाखवा."

"काय झालं?" स्कोलानं विचारलं.

"उंदीर खरा आहे," कोबेलो म्हणाला.

लुफुंगा उठून बाजूला झाला आणि बाळ बाहेर आलं. कोबेलोनं आपल्या नातीचा चेहरा अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून पाहिला. नीट दिसलाही नाही. तो सदऱ्यात तोंड खुपसून रडला, आणि या वेळी खोकला लपवला नाही.

सोमवारी त्यानं स्वतःच्या तपासणीचा अर्ज स्वतःच मंजूर केला. काचपट्टीवर आपली थुंकी घेऊन तिच्यावर लाल रंग चढवला, आम्लानं धुतला. मेणाचा कोट नीट असेल तर रंग धुऊन जात नाही. तो गेला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या एकमेकींना बिलगून, पीळ घालून पसरल्या होत्या, स्कोलाच्या हातच्या वेण्यांइतक्या सुबक. ज्या एन्झाइमला हाकलण्यात त्याचं तारुण्य गेलं ते त्याच्याच छातीत बसून इमानेइतबारे कड्या बसवत होतं. कोबेलो बराच वेळ पाहत राहिला. चोर आपल्याच घरात सापडला तरी त्याच्या हातातली कला पाहून कोबेलोच्या तोंडून "वा" निघून गेलं.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. बाळ निरोगी निघालं, तरी तिला जपणुकीचं औषध सुरू झालं, आणि ती आईबरोबर स्कोलाच्या भावाच्या घरी गेली. कोबेलोच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यातली एक गोळी जंतूला ते मेणच बनवू देत नाही. दुसरीनं लघवी नारिंगी सोड्यासारखी झाली. केंद्रानं रजा नाकारली, कारण ठरावानुसार तो निरोगी होता. त्यानं ठराव बदला म्हणून विनंती केली. समिती म्हणाली, पुरेशी उपस्थिती झाली की पाहू. तोवर तो बिनपगारी, पण निरोगी, घरी बसून गोळ्या खात राहिला. बरा होऊन कामावर परतला तेव्हा प्रोफेसर अनासियांनी विचारलं, "जो आजार तुम्हाला नव्हताच, त्यातून बरे झाल्याचा दाखला आम्ही कसा घ्यायचा?"

पण त्याला छळत होतं ते वेगळंच. इतके महिने लुफुंगा रोज घरी यायचा, फळं आणायचा, बाहेरच्या बाकावर बसून "भूक लागते का?" असं विचारायचा. कोबेलो टोमणा मारून पाहायचा. लुफुंगा म्हणायचा, "आराम करा." आपण अजून मरू शकतो, हे त्याला रोज त्या आदबीतून कळायचं.

शेवटी पेटीखाली पुन्हा बश्या लागल्या. शेवटून दुसरी कोबेलोची. थुंकी तपासून साफ निघाली होती, पण कोबेलोचा आता कागदावर विश्वास उरला नव्हता. हाकीमू आणखी जाडा झाला होता. रुग्णाच्या बशीवर थांबला, केळं खाल्लं, पुढे सरकला. कोबेलोच्या बशीला त्यानं नाक लावलं. कोबेलोनं श्वास रोखला. हाकीमूच्या मिशा हलल्या, आणि तो निघून गेला.

लुफुंगानं पिचकारी खाली ठेवली. एक लांब सुस्कारा सोडला. मग कमरेवर हात ठेवून तो म्हणाला, "बघा. उंदरानंसुद्धा टाकला. एवढे महिने गोळ्या खाऊन लुगुऱ्याला शेवटी कशाचाच वास राहिला नाही!"

कोबेलोनं लुफुंगाला मिठी मारली, त्याच्या आज्याच्या हस्तिदंताचा उद्धार केला, आणि तिथूनच धापा न टाकता मेव्हण्याच्या घराकडे निघाला. नात आता रांगत होती. ती अनोळखी माणसाला पाहून भोकाड पसरून रडली, आणि त्यानं ती तशी रडत असतानाच उचलून छातीशी धरली.